विचारत असताना

तमिळमध्ये कुणाला ‘थांबा’ म्हणायचं असेल तर बहुतेक वेळा ‘इरुंगा’ म्हणतात. बँकेच्या खिडकीशी, दवाखान्यात, फोनवर घरातल्या दुसऱ्या कुणाला बोलावून आणायचं असेल तर, दिवसातून दहादा तरी हा शब्द कानावर पडतो. ‘इरु’ म्हणजे असणं, राहणं. मराठीत ‘थांबा’ म्हटलं की पाय जागच्या जागी थांबतात. ‘वाट पाहा’ म्हटलं की पाय थांबतात आणि डोळे रस्त्याला लागतात. तमिळ माणूस आपल्याला नुसतं असायला सांगतो. मालवणीतला ‘रव’ याच्या बराच जवळचा आहे, पण मी देशावरची, मला तो उसना घ्यावा लागतो. चेन्नईत काही वर्षं काढल्यावर माझ्या लक्षात आलं की ‘इरुंगा’ ऐकल्यावर कुणी थांबून राहत नाही. लोक शेजाऱ्याशी बोलतात, फोन लावतात, मुलाच्या बुटाची नाडी बांधतात, आणि नाव पुकारलं की पुढे होतात.

हा फरक एखाद्या कथेच्या भाषांतरात उपयोगी पडेल असं मला वाटलं होतं. पडला तो एका बिलाच्या भांडणात.

पोटासाठी मी जे भाषांतर करते त्यात कथा-कविता नसतात. जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीसाठी मी दुकानदारांच्या हिशेबाच्या प्रोग्रामचं मराठी करते: बटणांवरचे शब्द, सूचना, काही बिघडलं तर येणारे निरोप. दुसरं काम उलट्या दिशेचं. महाराष्ट्रातून मराठीत आलेल्या तक्रारी तपासून, लागलं तर नव्याने इंग्रजीत करून प्रोग्रामरांपुढे ठेवायच्या. तक्रारींचं मराठी हा गद्याचा एक वेगळाच प्रकार आहे. त्यात विरामचिन्हं नसतात, राग असतो, आणि काय आधी घडलं, काय नंतर, याचा क्रम कित्येकदा चकित व्हावं इतका अचूक असतो.

सोलापूर जिल्ह्यातल्या एका औषधांच्या दुकानातून अशी एक तक्रार आली. दुकानात दोन काउंटर, दोन संगणक, बिलांची यादी दोघांत मिळून एकच. तक्रार लिहिणारी मुलगी एका काउंटरवर बसते. एका गिऱ्हाइकाचं २,३१० रुपयांचं बिल तिने केलं, पण गिऱ्हाइकाने पैसे न देताच औषधं परत केली. तिने यादीत ते बिल निवडलं आणि ‘रद्द करा’ दाबलं. प्रोग्रामने छोटी खिडकी उघडून विचारलं: हे बिल रद्द करायचे का? तेवढ्यात कुणी तरी गोळ्यांची चिठ्ठी पुढे केली. तिने मान वळवून उत्तर दिलं आणि मग ‘हो’ दाबलं. रात्री हिशेब लागेना. २,३१० रुपयांचं बिल जिथल्या तिथे होतं, आणि त्याच्या शेजारचं ४६० रुपयांचं, रोख पैसे मिळालेलं बिल रद्द झालं होतं. गल्ल्यात १,८५० रुपये कमी.

दुकानदारीत याचा एक ठरलेला अर्थ लावतात. रोख पैसे घ्यायचे, गिऱ्हाईक पायरी उतरलं की बिल रद्द करायचं, पैसे खिशात घालायचे. गल्ल्यावरच्या चोरीचा हा जुना प्रकार आहे. आणि प्रोग्रामच्या नोंदवहीत वेळेसकट लिहिलेलं होतं की बिल तिने रद्द केलं. मालक म्हणत होते, तू केलंस. ती म्हणत होती, झालं. आपल्याकडे घराघरांत ‘फुटलं’ आणि ‘फोडलं’ यांवरून जी भांडणं होतात तीच ही, पण इथे नोकरीचा प्रश्न होता, आणि नोंदवहीला ‘झालं’ हे रूप येतच नाही.

तिच्या तक्रारीतलं कामाचं वाक्य असं होतं: ‘हो नाही विचारत असताना मागची यादी हलली मी हो म्हटलं ते आधीच्या बिलाला’.

हे वाक्य किती बरोबर आहे ते कळायला प्रोग्राम दिवस कसा काढतो ते थोडं सांगायला हवं. खिडक्या-बटणांचा कुठलाही प्रोग्राम उघडून ठेवला की तो एका फेऱ्यात असतो. माउस हलला, कळ दाबली, घड्याळाचा ठोका पडला, नेटवर्कवरून निरोप आला, खिडकीचा झाकलेला कोपरा उघडा पडला, अशा घटना एका रांगेत जमत जातात. प्रोग्राम रांगेतली पुढची घटना उचलतो, तिचं जे करायचं ते करतो, मग पुढची उचलतो. याला इव्हेंट लूप म्हणतात. ‘घटनाचक्र’ हा प्रतिशब्द मी करून पाहिला. पण ‘घटना’ म्हटलं की आपल्याला आधी आंबेडकर आठवतात, आणि ‘घटनाचक्र’ हे तर रविवार पुरवणीतल्या सदराचं नाव वाटतं. मला रहाट बरा वाटतो. विहिरीवरच्या रहाटाची गाडगी एकामागून एक वर येतात, रिकामी होतात, खाली जातात. एकाच गाडग्याशी कुणी अडून बसलं तर सगळा रहाट ठप्प. तसं झालं की खिडकी पांढरी पडते, बटणं दबत नाहीत आणि माणूस चिडून संगणकच बंद करतो.

आता या रहाटाच्या मध्येच माणसाला प्रश्न विचारायचा आहे. ‘रद्द करा’ ही घटना हातात असताना प्रोग्रामला ‘हो की नाही’ हवं आहे, आणि ते कळल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पण उत्तर येणार तेही घटनेच्या रूपानेच, ‘हो’च्या बटणावरचा क्लिक म्हणून. रहाट थांबवून ठेवला तर तो क्लिक कधी वर येणारच नाही. यावर निघालेली युक्ती म्हणजे लुपाच्या आतला लूप. हातातलं गाडगं तसंच धरून ठेवायचं आणि तिथेच दुसरा, छोटा रहाट सुरू करायचा. छोटी खिडकी मिटेपर्यंत तो फिरतो. ती मिटली की तो थांबतो, आणि बाहेरचं काम जिथे सोडलं होतं तिथून पुढे चालू होतं.

विहीर मात्र तीच असते. आतल्या रहाटाच्या गाडग्यांतून ‘हो’ आणि ‘नाही’ वर येतं तसे घड्याळाचे ठोकेही येतात, नेटवर्कचे निरोपही येतात. मागच्या खिडकीवर माउस चालत नाही, एवढीच काय ती बंदी. त्या बंदीमुळे पाहणाऱ्याला वाटतं की मागे सगळं थांबलं आहे.

या प्रोग्राममध्ये दर काही सेकंदांनी यादी ताजी करणारा एक ठोका होता. प्रश्नाची खिडकी उघडी असताना शेजारच्या काउंटरवर नवं बिल झालं, ते यादीत सर्वांत वर बसलं आणि बाकीची बिलं एकेक ओळ खाली सरकली. प्रश्न विचारण्यापूर्वी प्रोग्रामने लक्षात काय ठेवलं होतं? वरून तिसरी ओळ, एवढंच. ‘हो’ आल्यावर त्याने तिसरी ओळ रद्द केली. तिथे आता शेजारचं बिल येऊन बसलं होतं.

हे सगळं तिच्या एका ‘असताना’मध्ये होतं. पण मदतकेंद्रातून तक्रारीचं जे घाईचं इंग्रजी पुढे गेलं होतं त्यात ‘हो दाबल्यावर यादी हलली’ असा अर्थ आला होता. ‘हो’ दाबल्यावर यादी हलणारच, एक बिल कमी झालं ना. त्यामुळे वापरणाऱ्याची चूक असा शेरा मारून तक्रार मिटवलेली होती. मिटवलेल्या तक्रारी महिन्याच्या शेवटी तपासणीसाठी माझ्याकडे येतात. मी मूळ वाक्य वाचलं आणि प्रोग्रामर मुलीकडे गेले. ती तिरुनेलवेलीकडची, विशीतली. मला ‘अक्का’ म्हणते; हा शब्द दोन्ही भाषांत एकच असल्यामुळे आमच्यात निदान तेवढ्या नात्याचं भाषांतर करावं लागत नाही. मी तिला सांगितलं, इथे ‘नंतर’ नाही, ‘असताना’ आहे; प्रश्न अजून विचारला जातो आहे, संपलेला नाही. तिने ते स्वतःशी तमिळमध्ये म्हणून पाहिलं: ‘केट्टुक्किट्टु इरुक्कुम्बोदु?’ विचारत असताना. त्या लांबलचक क्रियापदाच्या पोटात तोच ‘इरु’ बसलेला आहे. ती क्षणभर गप्प झाली आणि मग एकच शब्द बोलली: ‘एक्झेक’.

एक्झेक हे एका फंक्शनचं नाव. प्रोग्राम क्यूटी या साधनसंचावर उभा आहे (लिहितात क्यू-टी, पण उच्चार ‘क्यूट’), आणि त्यात प्रश्नाची खिडकी एक्झेकने उघडली की आतला लूप फिरू लागतो. गंमत म्हणजे क्यूटीच्या स्वतःच्या कागदपत्रांतच सल्ला आहे की हे फंक्शन टाळा, त्याऐवजी ओपन वापरा. खिडकी उघडी असताना तिची आईच, म्हणजे जिच्यातून ती निघाली ती मागची खिडकी, नष्ट झाली तर काय होईल, असं उदाहरणही तिथे दिलं आहे. लिनक्सवरच्या अनेक प्रोग्रामांचा पाया असलेल्या जीटीकेच्या तिसऱ्या आवृत्तीतही असंच एक फंक्शन होतं. खिडकी समोर असताना घड्याळाचे ठोके वगैरे मागे चालूच राहतात, असा इशारा त्याच्याखाली होता. २०२०च्या डिसेंबरात चौथी आवृत्ती आली तेव्हा ते फंक्शनच काढून टाकलेलं होतं. इशारे वाचून कुणी थांबत नाही, हे त्यांना कळलं असावं.

त्याच्याही आधी, नव्वदीच्या शेवटी गल्लोगल्लीच्या कॉम्प्युटर क्लासांत व्हिज्युअल बेसिक शिकलेल्या पिढीला ‘डूइव्हेंट्स’ आठवत असेल. लांबलचक कामात खिडकी गोठली की मध्ये हा एक शब्द टाकायचा: जरा थांबून रांगेतल्या घटना उरकून घे. खिडकी पुन्हा जिवंत व्हायची. पण रांगेत त्याच बटणावरचा दुसरा क्लिक असला तर तेच काम स्वतःच्याच पोटात पुन्हा सुरू व्हायचं. अर्धा हिशेब झालेला, आणि त्याच्या आत तोच हिशेब पहिल्यापासून.

इतके धोके माहीत असूनही प्रोग्रामर याच वाटेने का जातात, ते मला चांगलं समजतं. आतल्या लुपाने लिहिलेला कोड गद्यासारखा वाचता येतो. विचार, उत्तर ‘हो’ असेल तर, रद्द कर. तीन ओळी, एकाखाली एक, वरून खाली. ओपनने तेच करायचं तर परिच्छेद कापावा लागतो. पहिला तुकडा प्रश्न विचारून संपतो. दुसरा तुकडा कुठे तरी निरोपासारखा ठेवून द्यायचा: उत्तर आलं तर हे कर. वाचणाऱ्याने दोन्ही तुकडे शोधून मनात जोडायचे. गद्याची सवय असलेल्या कुणालाही पहिली रीतच आवडेल. मलाही आवडते.

त्या मुलीने मला आणखी एक तिढा सांगितला. आतला लूप चालू असताना दुसऱ्या कशामुळे आणखी एक प्रश्न उभा राहिला, तर लुपात लूप, त्यात आणखी एक. माणसाने पहिली खिडकी आधी मिटवली तरी पहिलं काम पुढे सरकत नाही. सर्वांत आतला लूप सुटल्याशिवाय बाहेरचे सुटत नाहीत. आमच्या इमारतीत खांबांखाली गाड्या एकामागे एक लावतात. सर्वांत आतल्या गाडीवाल्याला सकाळी सहाला सेंट्रल गाठायचं असेल तर बाहेरच्या दोघांना झोपेतून उठवावं लागतं. फरक इतकाच की संगणकात बाहेरचा कुणी उठला नाही तर आतल्याला कुणी काही सांगतही नाही. खिडकी मिटलेली दिसते, काम अडलेलं असतं, आणि माणूस म्हणतो, बंद केलं तरी बंद होत नाही. असं वाक्य असलेल्या तक्रारीही माझ्याकडे आल्या आहेत. मला त्या वेडगळ वाटायच्या. आता वाटत नाहीत.

मी तौलनिक साहित्य शिकले. त्या विषयात कथेतल्या कथेशिवाय वर्ष पार पडत नाही. पंचतंत्रात एक प्राणी काही म्हणतो, दुसरा विचारतो ते कसं, आणि आतली गोष्ट सुरू होते. तिच्या आत आणखी एक. आतली संपेपर्यंत बाहेरचे प्राणी जागच्या जागी गोठलेले, असं आम्ही वर्गात धरून चालायचो. शुकसप्ततीत तसं नाही, हे तेव्हाही दिसत होतं. तिथला पोपट रात्रीमागून रात्र गोष्टी सांगून प्रभावतीला घरात अडकवून ठेवतो, कारण बाहेर वेळ खराखुरा चालला आहे आणि नवरा परतेपर्यंत तो काढायचा आहे. पण पंचतंत्रातल्याच एका जागेकडे माझं लक्ष या बिलानंतर गेलं.

माकड आणि मगरीची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. काळीज झाडावर राहिलं म्हणून माकड सुटतं आणि जांभळीवर जाऊन बसतं. शाळेच्या पुस्तकात गोष्ट तिथे संपते. पंचतंत्राच्या प्रचलित पाठात ती पुढे बरीच चालते. मगर खाली पाण्यात, माकड वर फांदीवर, मगर त्याला परत बोलावतो आहे आणि माकड त्याला गोष्टीमागून गोष्टी ऐकवतं आहे. हे चाललेलं असतानाच एक जलचर येऊन मगराला सांगतो की तुझी बायको उपाशी राहून मेली. पुढे आणखी एक निरोप येतो: तुझ्या घरात दुसरा एक मोठा मगर घुसला आहे. ज्या बायकोसाठी काळीज आणायला तो निघाला ती आता नाही, ज्या घरी परतायचं ते त्याचं राहिलं नाही, आणि तो अजून गोष्ट ऐकतो आहे. घरातून निघताना तो ‘येतो’ म्हणाला असेल. तमिळमध्येही निरोप घेताना ‘पोयिट्टु वरेन’, जाऊन येतो, असंच म्हणतात. प्रोग्रामचं फंक्शनही दुसऱ्याला हाक मारताना परत येण्याची जागा लिहून ठेवतं. ती जागा कागदावर शाबूत राहते.

वर्गात आम्ही हे निरोप कथेचा रस टिकवण्याची क्लृप्ती म्हणून बाजूला ठेवले होते. आता मला ते त्या पाठातले सर्वांत खरे क्षण वाटतात. कुणा एका सांगणाऱ्याला आठवण होती की गोष्ट चालू असताना नदी थांबलेली नसते.

दुरुस्ती करताना मुलीने एक्झेक काढून ओपन घातलं. मला वाटलं झालं. ती म्हणाली, एवढ्याने काही होत नाही अक्का. ओपननेही प्रश्न उघडा असताना यादी हलणारच. तिने ओळीऐवजी बिलाचा क्रमांक लक्षात ठेवायला लावला, आणि ‘हो’ आल्यावर ते बिल अजून आहे का, कुणी आधीच रद्द केलेलं नाही ना, हे पुन्हा पाहायला लावलं. मग फरक कशात पडला, मी विचारलं. तिचं उत्तर मला पटलं. आधी प्रश्न आणि उत्तर एकाच परिच्छेदातल्या शेजारच्या ओळी होत्या, आणि दोन ओळींच्या मध्ये बिल पळालं असेल अशी शंकाही वाचणाऱ्याला येत नव्हती. आता उत्तर वेगळ्या तुकड्यात येतं. तिथे पोचल्यावर कुणीही आपसूक विचारतो, आपण कुठे आहोत, कोणत्या बिलाबद्दल बोलतो आहोत. तिने तीन ओळींचं सुबक गद्य मोडलं होतं आणि त्याबद्दल तिला जराही वाईट वाटत नव्हतं.

माझ्या हद्दीतली गोष्ट उरली होती ती म्हणजे ‘हे’. ‘हे बिल रद्द करायचे का?’ मूळ इंग्रजीत तेच, तमिळमध्ये ‘इंद’. दर्शक सर्वनामाला बोट लागतं, आणि इथे बोट दाखवलं होतं सरकणाऱ्या यादीकडे. मी सुचवलं की खिडकीत बिलाचा क्रमांक, गिऱ्हाइकाचं नाव आणि रक्कम लिहा, ‘हे’ काढा. सगळ्या भाषांत बदल करावा लागेल म्हणून कुरकुर झाली, मग तो झाला. आता खिडकीत २,३१० रुपये लिहिलेले असतील तर मान वळवून परत आलेल्या माणसालाही कळेल की आपण कशाला हो म्हणतो आहोत.

दुकानाला पाठवायच्या पत्राला मात्र वेळ लागला. कंपनीने इंग्रजीत जो मसुदा दिला त्यात प्रोग्रामचं अनपेक्षित वर्तन आढळून आलं असावं, अशा अर्थाचं एक गोल वाक्य होतं. प्रोग्रामरांच्या इंग्रजीत ते नेहमीचं आहे. पण मराठीत ‘अनपेक्षित वर्तन आढळून आले’ हे एखाद्या नोकराच्या दाखल्यातलं वाक्य आहे. ते पत्र मालकांच्या हातात पडलं असतं तर वर्तन कुणाचं याबद्दल त्यांना शंका उरली नसती. मी तसं लेखी कळवलं. कायदा पाहणाऱ्यांना कर्ता असलेलं वाक्य नको होतं; ‘बिल रद्द झाले’ एवढं लिहा म्हणाले. मी म्हटलं, ‘झाले’ हे ती मुलगी पहिल्या दिवसापासून म्हणते आहे, तेवढ्याने भागलं असतं तर पत्राची गरजच नव्हती. प्रोग्रामर मुलीनेही नोंदवहीतल्या वेळा काढून जोडल्या: प्रश्न कधी उघडला, शेजारचं बिल कधी आलं, ‘हो’ कधी. मध्ये नऊ सेकंद गेले होते.

शेवटी गेलं ते पत्र असं होतं: आपल्या कर्मचारी भगिनींनी २,३१० रुपयांचे बिल रद्द करण्याची सूचना दिली होती. त्या सूचनेवर आमच्या प्रोग्रामने ४६० रुपयांचे दुसरे बिल रद्द केले. खाली नऊ सेकंदांचा तक्ता.

मालकांकडून उत्तर आलं नाही. महिन्याभराने त्याच काउंटरवरून नवी तक्रार आली, की पावतीवर ‘गोळ्यांचे’मधला अनुस्वार उमटत नाही. विरामचिन्हं नव्हती. खाली नाव तिचंच होतं.